राजगुरूचा डोळा



जुन्या भयपटांचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो : मराठीत भयपट होते कुठे? प्रश्न वावगा नाही. जर्मनीत १९२० साली रॉबर्ट वीनेचा ‘डॉ. कॅलिगारी’ आला, १९२२ साली मुर्नाऊचा ‘नोस्फेरातू’ आला. अमेरिकेत १९३१ च्या फेब्रुवारीत बेला लुगोसीचा ‘ड्रॅक्युला’ आणि नोव्हेंबरात बोरिस कार्लोफचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ लागला. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत ‘आलम आरा’ झळकला आणि पुढच्या वर्षी ‘अयोध्येचा राजा’पासून मराठी पडदा बोलू लागला. त्या वीस-पंचवीस वर्षांतल्या आपल्या चित्रपटांची यादी चाळली तर देव दिसतात, संत दिसतात, राजे आणि सरदार दिसतात. भूत मात्र औषधालाही सापडत नाही. त्यावरून आपला चित्रपट भाविक होता, भय त्याच्या स्वभावातच नव्हते, असे ठरवून आपण मोकळे होतो. मला हे मान्य नाही. भय होते आणि अंगावर काटा आणणारे होते. आपण ते स्मशानात आणि पडक्या वाड्यात शोधत राहिलो. त्याचा मुक्काम होता सत्ता हाती असलेल्या जिवंत माणसापाशी. आज मला एवढेच सांगायचे आहे, पण पुराव्यानिशी सांगायचे आहे.

सुरुवात भरतमुनींपासून करू, कारण त्यांनी हा प्रश्न फार आधी नेमका मांडून ठेवला आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रस कशाकशातून उपजतो, ते सांगितले आहे. त्यात विचित्र, कर्कश आवाज आहेत, भुताखेतांचे दर्शन आहे, कोल्ह्या-घुबडांची भीती आहे, अरण्य आहे, ओसाड घर आहे. युरोपातल्या भयपटांचे सगळे सामान या यादीत आधीच मांडून ठेवले आहे, असे वाटावे. पण त्याच दमात भरतमुनी आणखी एक कारण सांगतात, आणि तिथे आपण थबकले पाहिजे : गुरूचा किंवा राजाचा अपराध घडणे. ओसाड घरात शिरलेल्या माणसाचे भय आणि गुरू वा राजा रुष्ट झाल्यावरचे भय या ग्रंथाने एकाच रसात बसवले. पुढे जगाच्या दोन टोकांना चित्रपट उभे राहिले तेव्हा युरोप-अमेरिकेने या यादीतला पहिला भाग उचलला, आणि कोल्हापूर-पुण्याच्या कलावंतांनी दुसरा. त्यांनी भरत वाचून हे केले, असा माझा दावा नाही. ज्या समाजात ते वाढले, तिथे माणूस रात्री कशाने दचकून उठतो हे त्यांना ठाऊक होते.

बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. पेंटर मूळचे चित्रकार. परदेशी कॅमेरा हाती नव्हता, म्हणून त्यांनी आणि त्यांचे सहकारी दामले यांनी खटपट करून स्वतःचा कॅमेरा बनवला होता. ‘सैरंध्री’ची गोष्ट सगळ्यांच्या पाठातली : विराटाच्या घरी दासी म्हणून राहिलेली द्रौपदी, तिच्यामागे लागलेला सेनापती कीचक, आणि भीमाने केलेला त्याचा वध. गोष्ट सांगायला एवढे पुरेसे होते. पण पेंटरांनी कीचकाचा वध असा काही खराखुरा उभा केला की प्रेक्षक किंचाळले, काही जणांना भोवळ आली, अशा हकिकती सांगितल्या जातात. आणि सरकारी परीक्षकांनी तो भाग कापायला लावला. भयपटाची माझी कसोटी इथेच लागू होते. कथेला गरज नसताना कॅमेरा भयापाशी थांबतो का? ‘सैरंध्री’त तो थांबला. आता हा कीचक कोण, हे त्या वेळच्या प्रेक्षकाला सांगावे लागत नव्हते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले, त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे मराठी माणसाने ओळखले, सरकारनेही ओळखले, आणि १९१० साली नाटकावर बंदी घातली. त्यानंतर दहा वर्षांनी तोच कीचक पडद्यावर आला. बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी खुद्द लोकमान्यांनी दिली, ही गोष्टही या संदर्भात लक्षात घ्यायला हवी. कीचकापुढे द्रौपदीला वाटणारी भीती ही मेहुण्याच्या बळावर माजलेल्या अधिकाऱ्याची भीती आहे. दाद कुठे मागायची? राजा त्याचाच.

यानंतर पाच वर्षांनी पेंटरांनी जे केले त्याला माझ्या लेखी या साऱ्या इतिहासात जोड नाही. १९२५ चा ‘सावकारी पाश’ नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा. तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम वणकुद्रे यांनी केली. पुढे ते व्ही. शांताराम झाले. खोट्या कागदाच्या जोरावर सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो, एवढीच कथा. मूकपट आज उपलब्ध नाही. पण ज्यांनी तो पाहिला त्यांच्या मनात एक चित्र राहिले, आणि निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडियांनी ते पुढे नोंदवून ठेवले : अंधूक उजेडातली एक भकास झोपडी आणि बाहेर कळवळून रडणारे कुत्रे. जरा थांबून या चित्राकडे पाहा. रात्र, झोपडी, रडणारे कुत्रे. आपल्या खेड्यात कुत्रे रडू लागले की म्हातारी माणसे उठून त्याला हाकलतात, कारण तो मरणाचा सांगावा मानतात. कुठल्याही भयपटात हे चित्र आले असते तर आपण वाट पाहिली असती की आता दार करकरेल आणि कोणी तरी मेलेला आत येईल. ‘सावकारी पाश’मध्ये दाराशी येणारा मेलेला नाही. त्याच्या बगलेत चोपडी आहे. शिवाय हा मूकपट आहे, कुत्र्याचा आवाज ऐकू येत नाही. तोंड वर करून उघडलेला जबडा तेवढा दिसतो, आणि आवाज प्रेक्षकाच्या स्वतःच्या कानांतून येतो.

हे भय काल्पनिक नव्हते, हे आपल्या नगर जिल्ह्यात वेगळे सांगायला नको. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि पाहता पाहता त्याची झळ आपल्या पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत पोहोचली. त्या लोकांनी काय जाळले? माणसे नव्हे. हल्ला होता तो खतांवर, रोख्यांवर, गहाणखतांवर. वाचता न येणाऱ्या माणसाने कागदाला एवढे भ्यावे की मिळेल तो कागद हिसकावून चुलीत घालावा, यातच त्या भयाची जात कळते. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, तरी पाश सैल झाला नाही. म्हणून तर अर्धशतकानंतर आपट्यांना कथा लिहावीशी वाटली. आणि आजही शेवगाव-पाथर्डीच्या गावांतून दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या आणि ट्रॅक्टर ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या दिशेने निघतात, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांची मजुरी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीपोटी आधीच लिहून झालेली असते. त्या ऊसतोड मजुरांच्या घरात उचल फिटणार का, या विचाराने जागणाऱ्या बाईला ‘सावकारी पाश’मधली झोपडी समजावून सांगावी लागणार नाही. त्या काळी या चित्रपटाला पौराणिकांइतकी गर्दी लोटली नाही, हे खरे. रात्रंदिवस सोसलेले भय पैसे देऊन पुन्हा पाहायला लोक तयार नव्हते, असे मला वाटते.

आता ज्या चित्रपटासाठी हे व्याख्यान बेतले, त्याकडे वळू. दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनी पेंटरांची कंपनी सोडून सीताराम कुलकर्णींच्या साथीने १९२९ साली कोल्हापुरात प्रभात काढली. १९३३ साली ती पुण्याला आली, आणि पुण्याच्या नव्या स्टुडिओत तयार झालेला पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’ १९३४ साली मराठी आणि हिंदीत निघाला. कथा पुन्हा आपट्यांचीच, त्यांच्या ‘भाग्यश्री’ कादंबरीवरची. अवंतीचा राजा क्रांतिवर्मा चंडिकेपुढचे नरबळी आणि पशुबळी बंद करतो. राजगुरूला हे सहन होत नाही. तो भक्तांना जमवून राजाच्या खुनाची योजना करतो, एकाला त्या कामावर धाडतो, आणि काम झाल्यावर त्यालाच वाऱ्यावर सोडतो. चित्रपट उघडतो तोच तळघरातल्या त्या गुप्त बैठकीवर : मशाली, भिंतींवर हलणाऱ्या सावल्या, आणि मग पडदाभर एकच डोळा. बाकी चेहरा नाही, कपाळावरचा टिळा नाही, फक्त बुबुळ आणि त्याभोवतीचा पांढरा भाग, घराच्या दरवाजाएवढा. हिंदी आवृत्तीत तो डोळा चंद्रमोहनचा होता. त्याची ही पहिलीच भूमिका, आणि पुढे आयुष्यभर तो त्या डोळ्यांनीच ओळखला गेला. मराठीत राजगुरू झाले होते केशवराव दाते.

या पात्राला खलनायक म्हणून सोडून देणे अपुरे आहे. ‘नोस्फेरातू’मधला ऑरलॉक जिना चढतो तेव्हा आपल्याला त्याची सावली दिसते, लांबत गेलेली बोटे दिसतात. आपण त्याला पाहतो आणि भितो. ‘अमृतमंथन’मध्ये उलटे आहे. इथे तो आपल्याला पाहतो. त्या डोळ्यापुढे प्रेक्षक जमावातला एक होऊन बसतो, आणि राजगुरूने ज्याच्यावर नजर रोखली त्याने नकार देऊन दाखवावा, अशी स्थिती होते. भरतमुनींनी गुरूचा आणि राजाचा अपराध अशी दोन भये सांगितली. राजगुरू या एका शब्दात ती दोन्ही येऊन बसतात. त्याच्याकडे सुळे नाहीत, मंत्राने काही घडवल्याचे चमत्कार नाहीत. त्याच्याकडे आज्ञा आहे, आणि ती देवीची आहे असे मानणारी माणसे आहेत. शेवटी डाव फसल्यावर तो पळत नाही, शरण जात नाही. स्वतःचेच मस्तक उतरवून देवीला वाहतो. हा शेवट मला फार धीट वाटतो. राजगुरू ढोंगी निघाला असता तर प्रेक्षक हायसे वाटून घरी गेला असता. पण तो मनापासून मानणारा होता हे शेवटच्या क्षणी कळते, आणि भय चित्रपटाबरोबर संपत नाही. नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. ‘अमृतमंथन’ला तेव्हा ७९ वर्षे झाली होती.

इथे जाणकारांचा एक आक्षेप असतो, आणि तो वजनदार आहे. शांताराम १९३३ साली ‘सैरंध्री’ याच नावाच्या नव्या रंगीत बोलपटाच्या कामासाठी जर्मनीला गेले होते. सावल्या, मशाली, भिंगाची करामत ही तिथल्या चित्रपटांची उसनवारी आहे. तेव्हा ‘अमृतमंथन’चे भय आपले कसे म्हणायचे? उसनवारी झाली हे मी नाकारत नाही. जर्मन छायाप्रकाशाचा ठसा त्या चित्रपटावर उघड आहे, आणि तो असल्याने कमीपणा येत नाही. अमेरिकेनेही तेच केले होते : ‘ड्रॅक्युला’चे छायाचित्रण करणारा कार्ल फ्रॉइंड जर्मनीतूनच आलेला, ‘मेट्रोपोलिस’वर काम केलेला माणूस. पण उसने काय घेतले आणि त्याने काय सांगितले, हे वेगळे पाहावे लागते. झोपडीवरचा तो अंधूक उजेड पेंटरांनी १९२५ साली, या जर्मन प्रवासाच्या आठ वर्षे आधी साधला होता, आणि तेव्हा त्या चित्रपटात काम करणारा तरुण शांतारामच होता. सत्ताधाऱ्याच्या भयाला अंधाराचे रूप देण्याचा धडा तो कोल्हापुरात गिरवून गेला होता. जर्मनीत त्याला अधिक चांगली हत्यारे दिसली.

दुसरा आक्षेप व्याख्येचा आहे. ‘सैरंध्री’ पौराणिक, ‘सावकारी पाश’ सामाजिक, ‘अमृतमंथन’ पोशाखी. यांना भयपट म्हटले तर कशालाही भयपट म्हणता येईल. यावर आधी एवढेच सांगतो की भयपट असा वेगळा खण १९३१ च्या त्या दोन अमेरिकन चित्रपटांनंतर पक्का झाला. ‘कॅलिगारी’ करणाऱ्यांनी आपण एका खास जातीचा चित्रपट करतो आहोत असे समजून तो केला नव्हता. त्याचे लेखक कार्ल मायर आणि हान्स यानोवित्स यांच्या मनात महायुद्धाच्या काळातली सत्ता होती. झोपेत चालणाऱ्या माणसाकडून खून करवून घेणारा डॉक्टर ही त्यांनी उभी केलेली सत्तेची प्रतिमा होती. म्हणजे जगातला पहिला थोर भयपट मानला जातो तोही मुळात राजगुरूच्याच कुळातला. पण पडद्यावर येताना त्या कथेला एक चौकट जोडली गेली : सांगणारा इसम वेड्यांच्या इस्पितळातला रुग्ण निघाला, आणि डॉक्टर सुटला. सिगफ्रीड क्राकाउअर या समीक्षकाने १९४७ च्या आपल्या ग्रंथात या बदलावर नेमके बोट ठेवले. ‘अमृतमंथन’ने अशी सूट दिली नाही. राजगुरू कोणाच्या भ्रमातला नाही, शेवटच्या दृश्यापर्यंत तो राजगुरूच आहे. या एका मुद्द्यावर मी प्रभातला ‘कॅलिगारी’च्या पुढे ठेवीन, कलाविशेषांत तो चित्रपट कितीही मोठा असला तरी.

मग भुतांचे काय? आपल्याकडे भुतांची वाण नव्हती. मुंजा आहे, हडळ आहे, खवीस, झोटिंग, गिऱ्हा, आणि या सगळ्यांचा राजा वेताळ आहे. इतकी समृद्ध भूतसृष्टी हाताशी असताना चित्रपटाने ती का वापरली नाही? मला याचे उत्तर त्या भुतांच्या स्वभावातच दिसते. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला पोर. हडळ म्हणजे बहुधा बाळंतपणात किंवा सासुरवासात गेलेली बाई. प्रत्येकाची काही तरी इच्छा राहिलेली, प्रत्येकावर काही तरी अन्याय झालेला. त्यांच्याशी बोलता येते. दहीभाताचा उतारा ठेवता येतो, नारळ देता येतो, नवस फेडता येतो. ड्रॅक्युलाशी असा व्यवहार होत नाही, त्याला संपवावेच लागते. आपल्या लोकमनात न ऐकणारा, न पाघळणारा, कुठल्याही उताऱ्याने न टळणारा कोणी असेल तर तो कागद घेऊन येणारा सावकार, आज्ञा देणारा पुजारी, किंवा घरातला कर्ता पुरुष.

घरातला कर्ता पुरुष हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण या मालिकेतला शेवटचा चित्रपट घराच्या चार भिंतींत घडतो. १९३७ चा ‘कुंकू’, आपट्यांच्याच ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. तरुण नीरा शांता आपटेंची, आणि तिला फसवून केलेला म्हातारा नवरा काकासाहेब झाले आहेत पुन्हा केशवराव दाते. एकाच लेखकाच्या तीन कथा, त्यांतल्या दोन चित्रपटांत मराठीतला एकच नट; भयाचा धागा तुटलेला नाही, याचा याहून ठळक पुरावा मला माहीत नाही. ‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही. घरातले जे आवाज असतील तेवढेच. नवीन लग्न होऊन आलेल्या मुलीला त्या घराची शांतता कशी वाटत असेल, ते संगीताचा आधार काढून घेतल्याने प्रेक्षकाला कळते. पण इथे भयाने जागा बदलली. नीरा भीत नाही. भ्यायला लागतात काकासाहेब. तिच्या नकारापुढे त्यांचा अधिकार वितळतो आणि शेवटी ते स्वतःचे आयुष्य संपवतात. राजगुरूने आपले मस्तक देवीला वाहिले होते. काकासाहेब मरताना नीरेला मोकळे करून जातात. तीन वर्षांत केवढे अंतर कापले गेले, ते या दोन मरणांत पाहावे.

पुढची कहाणी लांबवत नाही. १९४९ च्या ‘महल’मध्ये भूत आले, पण ती माळ्याची मुलगी निघाली, राजा परांजप्यांच्या १९६४ च्या ‘पाठलाग’मध्येही गूढाची उकल शेवटी माणसांतच होते. खरेखुरे, संपवावे लागणारे पिशाच पडद्यावर स्थिरावले ते रामसे बंधूंच्या १९७२ नंतरच्या चित्रपटांतून, आणि मराठीत त्या जातीचे भय नारायण धारपांच्या पुस्तकांनी जोपासले. त्यांचे मोल कमी नाही. फक्त तिथून आपल्या भयाचा इतिहास सुरू होतो, हे म्हणणे बरोबर नाही.

आणि आता या सगळ्या विवेचनातली एक दुखरी जागा. ‘नोस्फेरातू’ हा ‘ड्रॅक्युला’ कादंबरीची परवानगी न घेता केलेला चित्रपट होता. लेखक ब्रॅम स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि १९२५ साली जर्मन न्यायालयाने त्याच्या सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. तरी इकडे तिकडे गेलेल्या प्रती वाचल्या आणि आज तो चित्रपट जगभर पाहता येतो. आपल्या ‘सैरंध्री’ला, ‘सावकारी पाश’ला नष्ट करण्याचा हुकूम कोणी दिला नव्हता. ते हेळसांडीने गेले. त्या काळची फिल्म नायट्रेटची, आपोआप कुजणारी आणि ठिणगी पडली तर बारुदासारखी पेटणारी. जे जपून ठेवले होते त्यातलेही बरेच पुण्यात २००३ सालच्या आगीत भस्म झाले. म्हणून आज मी तुम्हाला झोपडी आणि कुत्रे दाखवू शकलो नाही, सांगू शकलो फक्त. यात्रांमधून तंबू लावून चित्रपट दाखवणारी माणसे आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या फिरली आहेत, आणि त्यांच्या घरच्या पत्र्याच्या पेट्यांत काय आहे ते कोणी नीट पाहिलेले नाही. तुमच्या माळ्यावर जुनी रिळे, हस्तपत्रके, गाण्यांच्या पुस्तिका, फोटो असतील तर भंगारात देऊ नका. रीळ चिकट झाले असेल, आंबूस वास येत असेल तर ते उलगडू नका, दिव्यापासून आणि चुलीपासून लांब ठेवा, आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. ते लॉ कॉलेज रस्त्यावर आहे, प्रभातच्या जुन्या स्टुडिओपासून चालत जाण्याच्या अंतरावर.